गार डब्याचा सत्कार

सत्कार म्हटलं की वर्धमान मगदूमच्या कपाळावर आठी पडायची. कुपवाडला एमआयडीसीत तीस वर्षं फ्रिज आणि कूलिंगची कामं करताना त्यानं सत्कार ढिगानं बघितले होते. तीच शाल इथून तिथं फिरते, नारळ स्टेजमागं पुन्हा पोत्यात जातो, आणि ज्याचा सत्कार तो गडी हात जोडून उभा राहतो, लग्नात हरवलेल्या पाहुण्यागत. किळसवाणं सगळं. "उद्या मेलो तरी मला शाल घालू नका," असं तो दुकानात येईल त्याला ऐकवायचा.

आणि आता तोच वर्धमान इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बायकोला शेजारी बसवून साताऱ्याला निघाला होता, स्वतःचा सत्कार घ्यायला. गाडी इस्लामपूर ओलांडेपर्यंत त्यानं दोनदा पत्रिका काढून बघितली. 'आकाशछायाचित्रणासाठी शीतकक्षाचे निर्माते श्री. वर्धमान मगदूम' असं छापलं होतं. आपला तो डबा. त्याचा शीतकक्ष झाला होता.

"हसताय काय?" शालननं विचारलं.

"काय न्हाई. नाव लय मोठं ठेवलंय डब्याचं."

डब्याची गोष्ट तशी साधी होती. साताऱ्यातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवणारे सौमित्र सर रात्रीच्या आकाशाचे फोटो काढायचे. दोन वर्षांपूर्वी ते कुणाच्या तरी ओळखीनं कुपवाडला दुकानात आले आणि म्हणाले, "अण्णा, मला कॅमेरा गार करून पाहिजे." वर्धमानला आधी वाटलं, हा मास्तर उन्हानं भ्रमलाय. मग सरांनी समजावलं. अंधुक गोष्टीचा फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा डोळा चार-चार, पाच-पाच मिनिटं उघडा ठेवावा लागतो. तेवढ्या वेळात आतली चिप तापते, आणि तापली की नसलेले ठिपके फोटोत उमटवते. लाल, निळे, पांढरे. सर त्याला नॉइज म्हणायचे. वर्धमाननं तसला फोटो बघितला आणि म्हणाला, "म्हंजे रवा सांडलाय की." तेव्हापासून दोघंही त्याला रवाच म्हणायला लागले. चिप गार ठेवली की रवा कमी, एवढंच काम होतं.

एवढंच म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. पहिल्यांदा त्यानं शालनचा चांगला चालू फ्रिज खोलला आणि त्याच्या कॉम्प्रेसरवर प्रयोग केला. कॉम्प्रेसर थरथरला आणि सगळे तारे फोटोत शेपटी काढून बसले. फ्रिज काही परत जुळला नाही. शालनचा भाऊ अरिहंत तासगावला बेदाण्याचा व्यापारी. तो भर पंगतीत म्हणाला, "दाजी आता भंगारच घ्या विकत, फ्रिज तरी कशाला वाया घालवताय!" सगळे हसले. शालन त्या दिवशी जेवली नाही, आणि नवऱ्याशी आठवडाभर बोलली नाही.

मग बिस्किटाएवढी एक प्लेट सापडली. करंट दिला की एका अंगानं गार पडते, दुसऱ्या अंगानं तापते, थरथर म्हणून नाही. तापलेल्या अंगावर कॉम्प्युटरचा पंखा, भोवती थर्माकोल, आत कॅमेरा, हवा कोरडी राहावी म्हणून सिलिका जेलच्या पुड्या, आणि वरून ॲल्युमिनियमचा डबा. लेन्सला झाकण घालून काळे फोटो काढायचे आणि रवा किती पडतो ते बघायचं, हे काम भर दुपारीही होत होतं. एप्रिलच्या उन्हात दुकानात काढलेल्या काळ्या फोटोत नुसता सडा पडला होता. डबा चालू करून चिप उणे पाचावर आणली आणि तोच फोटो पुन्हा काढला, तर काळं म्हणजे काळं. वर्धमान त्या काळ्या चौकोनाकडे कितीतरी वेळ बघत बसला होता.

आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांनी केलेली यंत्रं दुरुस्त केली. कंपनी त्यांची, डिझाइन त्यांचं, स्टिकर त्यांचं. हा डबा मात्र त्यानं स्वतः केलेला. तो गार करतो, हे ठाऊक झालं होतं. पण गार होऊन आकाशातलं धरतो काय, हे कुणाला ठाऊक होतं? मृगातल्या तीन ताऱ्यांजवळ घोड्याच्या तोंडाच्या आकाराचा एक काळा ढग आहे, त्याच्यामागं अगदी मंद लाल उजेड आहे, डोळ्यांना दिसत नाही, असं सरांनी सांगितलं होतं. वर्धमानला तो घोडा आपल्या डब्यातून आलेला बघायचा होता. बाकी त्याला काहीही नको होतं. शालही नको होती.

फेब्रुवारीत ते डबा घेऊन साताऱ्यावरच्या पठारावर गेले. तीन रात्री काम करायचं ठरलं होतं. वर्धमाननं सगळं जोडून दिलं आणि पहिल्याच संध्याकाळी तासगावहून फोन आला. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर बसला होता. ऐन हंगामात माल आत, मग जाणं भागच होतं. निघताना त्यानं सरांना एकच गोष्ट तीनदा सांगितली. गार माल लगेच उघडायचा नाही. तासगावात हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. कोल्ड स्टोरेजमधून काढलेली बेदाण्याची पेटी आधी बाहेरच्या खोलीत ठेवतात, सावकाश कोमट होऊ देतात, मगच फोडतात. घाई केली की दाण्यांना घाम सुटतो आणि सगळा माल चिकट होऊन बसतो. डब्यावर त्यानं मार्करनं लिहिलंसुद्धा होतं: 'बंद केल्यावर दोन तास उघडू नये.'

नंतर सरांचा फोन आला होता, "अण्णा, झालं काम, आता कार्यक्रमातच बघा." वर्धमाननं फोटो मागितला तर म्हणाले, सरप्राइज आहे. त्यानं तीन आठवडे कळ काढली.

दुपारी चारला ते हॉलवर पोचले. खुर्च्या मांडणं चालू होतं. आणि स्टेजवर, मागची अख्खी भिंत व्यापून, तो घोडा होता.

वर्धमान दारातच थांबला. लाल उजेड, त्यात मान वळवून उभं असलेलं काळं तोंड, आयाळीच्या कडेला पिंजारलेली धूळ. रव्याचा एक दाणा नाही.  त्याचे डोळे भरून आले.

"आवं, खराच घोडा की वो!" शालन म्हणाली. तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि तिचेही डोळे भरले. "ह्यो तुमच्या डब्यानं काढला?"

"व्हय."

तिनं लगेच मोबाइल काढला, नवऱ्याला घोड्यासमोर उभं केलं आणि फोटो काढून तासगावला भावाला पाठवला. वर लिहिलं, 'दाजींचा डबा.' फ्रिजचा हिशेब तिनं तिथंच मिटवला.

स्टेजच्या कडेला टेबलावर मखमल टाकून डबा ठेवला होता, भोवती झेंडूची माळ. डब्याला माळ! वर्धमाननं ती हळूच बाजूला सारली, खिशातून रुमाल काढला आणि चार लोक बघणार म्हणून आतली काच पुसावी, या विचारानं झाकण उघडलं.

आत कॅमेऱ्याला लेन्स नव्हती, उघड्या तोंडावर झाकणही नव्हतं. चिपवर पांढरी वर्तुळं होती, लहान-मोठी, एकात एक. पाणी पडून वाळलं की राहतात तशी. कोपऱ्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या फुगून लिबलिबीत झाल्या होत्या. त्यानं बटण दाबलं. कॅमेरा हूं का चूं करेना.

तीस वर्षांत असली वर्तुळं त्यानं हजारदा बघितली होती. गार वस्तूनं उघडी हवा खाल्ल्याशिवाय ती पडत नाहीत.

सौमित्र सर बाहेर पाहुण्यांच्या गाडीसाठी जागा करत होते. कुर्ता-जाकीट, अंगाला अत्तर. वर्धमाननं त्यांना कोपऱ्यात घेतलं.

"सर, डबा कुणी उघडला?"

सरांनी आधी इकडंतिकडं बघितलं. "अण्णा, नंतर बोलू ना."

"आत्ता बोला."

"तिसऱ्या रात्री साडेआठला साहेब आले होते वर, अर्ध्या तासासाठी. आजचे प्रमुख पाहुणे. बरोबर दहा-बारा माणसं. म्हणाले, मास्तर, आत काय आहे ते दाखवा की. आता एवढा मोठा माणूस पठारावर चालत आलाय, त्याला सांगू, दोन तास थांबा म्हणून? चांगलं दिसतं का ते?"

"मग उघडला."

"पाचच मिनिटं. चिप दिसावी म्हणून लेन्स काढली. त्यांनी कॅमेरा हातात घेऊन फोटो काढून घेतला. मग लक्षात आलं, पाणी सुटलंय."

वर्धमानच्या डोळ्यांपुढं ते उभं राहिलं. उणे पाचावरची चिप, तिच्याभोवती वाकलेली बारा तोंडं, त्यांच्या श्वासांची वाफ, आणि साहेबांचा अंगठ्या घातलेला पंजा. 

"बरं, कॅमेरा गेला," तो म्हणाला. "पयल्या दोन रात्रींचे फोटो तर हायत? शंभरावर काढलं म्हणालासा. ह्यो घोडा त्यातलाच न्हवं?"

सरांनी खिशातून रुमाल काढला.

"सर?"

"साहेबांच्या फोटोग्राफरचं कार्ड भरलं होतं हो. मग माझ्या कॅमेऱ्यातलं काढून दिलं. त्याच्या कॅमेऱ्यात घातलं तर कॅमेरा विचारायला लागला, फॉरमॅट करू का, म्हणजे आधीचं सगळं पुसू का. गडबड होती. फोटोग्राफरनं दाबलं ओके." सरांनी रुमालानं मान पुसली. "वर साहेबांचेच चारशे फोटो बसलेत. काही निघणार नाही आता. मी विचारून बघितलं."

"तुमी बघितलं होतं का ते? दोन रात्रींचं? घोडा आला होता का?"

"नाही ना. म्हटलं तिन्ही रात्रींचे एकदम घरी जाऊन बघू."

"आनि ह्यो?" वर्धमाननं हॉलकडं बोट केलं.

"नेटवरचा आहे. तिकडं अमेरिकेतल्या कुणाचा तरी." सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अण्णा, पत्रिका छापून झाल्या होत्या. हॉल ठरला होता. घोडा तोच आहे ना शेवटी? आकाशात काय दोन घोडे आहेत?"

वर्धमाननं तो हात झटकला. शी! त्याला त्या अत्तराचा वास नको झाला, त्या जाकिटाची किळस आली. मघाशी दारात उभं राहून आपण डोळ्यांत पाणी आणलं, ते अमेरिकेतल्या कुणाच्या तरी फोटोपुढं, याची तर सगळ्यात जास्त आली. आपला घोडा आला होता की नाही? काळाकुट्ट फोटो आला होता, की रव्यातच बुडाला होता? दोन रात्री डबा पठारावर आपलं काम करत राहिला, आणि त्यानं काय धरलं ते कुणीही न बघता पुसून टाकलं. वर साहेब बसले. चारशे वेळा.

"मी सांगणार," तो म्हणाला. "माइकवर सांगणार."

"अण्णा, वहिनी आल्यात," सर एवढंच म्हणाले, आणि गाडीकडं धावले.

कार्यक्रम साडेपाचचा होता, साहेब सव्वासातला आले. सूर्य कधीच मावळला होता. शालन दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घ्यायची नाही, तरी ती उपाशीपोटी पहिल्या रांगेत ताठ बसली होती आणि शेजारणीला डब्यातली प्लेट समजावून सांगत होती. दीप लावला. साहेब बोलले, पाऊण तास. विज्ञान, तरुण पिढी, आणि आपण स्वतः पठारावर जाऊन रात्र जागवली, वगैरे. साडेआठ ते नऊ म्हणजे यांची रात्र. वर्धमान स्टेजवरच्या खुर्चीत मुठी आवळून बसला होता.

त्याचं नाव पुकारलं. कडक आवाजाच्या निवेदकानं माइक पुढं केला, "अण्णा, दोन शब्द."

वर्धमाननं माइक घेतला. 

"ह्यो फोटो मी काढलेला न्हाई," तो म्हणाला. "आमच्या डब्यानं बी काढलेला न्हाई."

 निवेदकानं लगेच दुसरा माइक उचलला. "ऐकलंत? ऐकलंत मंडळी? श्रेय घ्यायलाच तयार नाहीत! अहो अण्णा, मग काढला कुणी?"

"ते सरांस्नी इचारा."

सगळ्यांच्या माना सरांकडं वळल्या. वर्धमानला वाटलं, आता. आता हा माणूस उठेल आणि खाली मान घालून दोन शब्द खरे बोलेल. सौमित्र सर उठलेही. त्यांनी छातीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा अण्णांचा मोठेपणा आहे. मी नतमस्तक आहे."

टाळ्या! काय त्या टाळ्या! लोक उभे राहिले. साहेब स्वतः उठले, फेटा मागवला. "आवं, ऐका तरी," वर्धमान म्हणत होता, पण माइक केव्हाच हातातून गेला होता. तिघांनी त्याचं डोकं धरलं आणि भगवं कापड गरागरा गुंडाळायला सुरुवात केली. कान झाकले गेले. टाळ्या त्याला कापडातून ऐकू येत होत्या. समोर शालन दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवत होती. लग्नातसुद्धा तिला एवढं मोकळं हसताना त्यानं बघितलं नव्हतं. तो बोलायचं थांबला.

नंतर हॉलमागच्या व्हरांड्यात चहा होता. कागदी कप, तेलकट भजी, पायाखाली चिकचिक. ज्याला त्याला वर्धमानबरोबर सेल्फी पाहिजे होती. शालन शाल हातावर घेऊन शेजारी उभी होती. तासगावहून भावाचा फोन येऊन गेला होता. "अरिहंत म्हणाला, दाजींस्नी सांग, मी चुकलो," असं तिनं त्याच्या कानाशी येऊन सांगितलं. दोनदा सांगितलं.

गर्दी पांगल्यावर एक गृहस्थ पुढं आले. पन्नाशीचे, टोपी, खांद्याला पिशवी. "मी कृष्णात गुरुजी," ते म्हणाले. "जतकडं शाळेवर असतो. सकाळच्या एसटीनं आलोय."

"बोला गुरुजी."

"आमच्याकडं रातीचं आभाळ लय चांगलं हाय. जुना एक कॅमेरा बी हाय. पोरींस्नी नाद लागलाय. अण्णा, मगाशी तुमी म्हणालासा, डब्यानं काढला न्हाई. सगळी हसली, टाळ्या वाजवल्या. मला ते खरं वाटलं. माणूस उगच तसं बोलत न्हाई. म्हणून म्हटलं, समक्ष इचारावं. खरं काय ते सांगा. डबा चालतो का?"

 एवढ्या चारशे माणसांत एकानं ऐकलं होतं. एकच कान शाबूत होता, आणि तो आपण होऊन चालत समोर आला होता. सांगायचं काय होतं? दोन शब्द. ठाऊक न्हाई. बस्स.

"म्हंजे काय गुरुजी!" शालनच बोलली. "येवडा मोठा घोडा दिसला न्हाई का तुमास्नी?" ती हसत होती, पण नवऱ्याकडं वळून बघताना तिच्या डोळ्यांत एकदम भीती चमकून गेली. खोललेल्या फ्रिजपुढं उभी राहिली होती तेव्हाची. हातावरची शाल तिनं पोटाशी धरली.

आणि वर्धमानला स्वतःलाही तो घोडा हवाच होता. फार हवा होता.

"तसं बोलायची रीत असती गुरुजी, स्टेजवर," त्याच्या तोंडून आलं. "आपलं आपण चांगलं कसं म्हणायचं? डबा चालतो की. फोटो बघितलासा न्हवं."

"असं व्हय," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. "मग मीच चुकलो. उगच मनात शंका धरली बगा तुमच्याबद्दल. माफ करा."

त्यांनी वाकून नमस्कार केला.  पलीकडं भज्यांच्या टेबलाशी उभ्या सौमित्र सरांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलून वर्धमानकडं बघून मान हलवली, आपल्या माणसाकडं बघून हलवावी तशी. त्या माणसाच्या तोंडावर थुंकावं असं मघापासून वर्धमानला वाटत होतं. आता थुंकायला तोंड उरलं नव्हतं.

"आमास्नी बी एक करून द्या," गुरुजी म्हणाले. "घाई न्हाई. पावसाळा झाल्यावर दिलासा तरी चालंल. शाळेत सांगायला पायजे, लिहून घेतो."

त्यांनी पिशवीतून डायरी काढली, पेनाचं टोपण दातात धरलं आणि व्हरांड्याच्या कठड्यावर टेकवून सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं. वर्धमानला ते समोरून, उलटं दिसत असूनही वाचता आलं. 'डबा चालतो. श्री. मगदूम यांनी स्वतः सांगितले.' खाली त्यांनी तारीख घातली.